जर्मनीचं उदाहरण अर्ध्यावर का सोडता?

पुन्हा जर्मनी. या आठवड्यात पुण्यात उद्योजकांच्या एका बैठकीत व्यासपीठावरून तेच ऐकायला मिळालं. महायुद्धात बेचिराख झालेला देश दिवसरात्र राबला म्हणून उभा राहिला, आणि आपल्या पोरांना पाच वाजले की घर दिसतं! टाळ्याही पडल्या. ऑक्टोबर 2023 मध्ये नारायण मूर्तींनी आठवड्याला सत्तर तास कामाचा सल्ला दिला तेव्हाही दाखला जर्मनी-जपानचाच होता. लार्सन अँड टुब्रोच्या अध्यक्षांनी नंतर नव्वदची बोली लावली. त्या दोघांवर या स्तंभात यथेच्छ लिहून झालंय, ते पुन्हा उगाळत नाही. पण जर्मनीचा दाखला काही मरत नाही, म्हणून तो एकदा तपासूच.

आपला कारखाना कायदा 1948 चा. त्यात आठवडा 48 तासांचा. त्या काळात पश्चिम जर्मनीतही रिवाज 48 तासांचाच होता, शनिवारसकट. म्हणजे दोन्ही देश एकाच आकड्यापासून निघाले.

पुढचं मात्र भाषणात कधी येत नाही. 1956 च्या कामगार दिनाला तिथल्या कामगार महासंघाने एका लहान मुलाचं पोस्टर लावलं. शनिवारी माझे बाबा माझे, असं ते मूल सांगत होतं. मागणी होती पाच दिवसांच्या, चाळीस तासांच्या आठवड्याची. त्याच वर्षी धातुउद्योगात करार होऊन आठवडा 45 तासांवर आला. त्याच वर्षी ऑक्टोबरात श्लेस्विग-होल्स्टाइनमधले गोदी आणि धातू कामगार आजारपणातल्या पगारासाठी संपावर गेले, ते सोळा आठवडे हटले नाहीत. 1967 मध्ये धातुउद्योगात चाळीस तास आले. 1984 मध्ये पस्तीस तासांसाठी मोठा संप झाला आणि 1995 पासून पश्चिमेकडच्या धातू आणि मोटार कारखान्यांत पस्तीस तास लागू झाले.

ही सालं पुन्हा एकदा वाचा. जगाने ज्याला जर्मनीचा आर्थिक चमत्कार म्हटलं तो याच पन्नास-साठच्या दशकांतला. राबले ते, कोण नाही म्हणतं? मार्शल योजनेचे डॉलर होते, 1953 च्या लंडन करारात जवळपास निम्मं कर्ज माफ झालं होतं, तेही खरं. पण देश श्रीमंत होत होता तेव्हा कामाचे तास उतरत होते. तास कमी मिळतात म्हटल्यावर मालकाला यंत्रं सुधारावी लागली, कारागीर शिकवून तयार करावे लागले. आपल्याकडे तास स्वस्त. मग यंत्राला पैसे कोण घालतो?

आपण कुठे आहोत? 48 वर. 21 नोव्हेंबर 2025 पासून नव्या श्रमसंहिता आल्या, त्यातही 48. नारायण मेघाजी लोखंड्यांनी 1890 मध्ये गिरणी कामगारांना रविवार मिळवून दिला. राज्य सरकारी कचेऱ्यांना 2020 पासून मिळालेला शनिवार सोडला, तर कष्टकऱ्यांच्या सुट्टीत त्यानंतर काय भर पडली? उलट सप्टेंबर 2025 मध्ये आपल्या राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यातला दिवस 9 तासांवरून 12 पर्यंत ताणायला आणि तिमाहीतला ओव्हरटाइम 115 वरून 144 तासांवर न्यायला मंजुरी दिली. कामगाराची लेखी संमती घेऊन, बरं का! ठेकेदाराच्या माणसाने संमती नाकारली तर दुसऱ्या दिवशी गेटवर त्याचं काय होतं, हे मंत्रालयात कुणाला ठाऊक नसावं.

आता दामाचं बोलू. रुपये-युरोची थेट तुलना केली की लगेच कुणीतरी म्हणतं, तिथे महागाई किती! ठीक. मग पैशाऐवजी वेळ मोजू. जर्मनीत 1 जानेवारी 2026 पासून किमान वेतन तासाला 13.90 युरो आहे. दुकानात एक लिटर दूध साधारण एक युरोला. म्हणजे सगळ्यात कमी पगाराचा माणूस पाचेक मिनिटांत दूध कमावतो. पुण्यात दूध साठच्या आसपास आणि साध्या मजुराचा रोज पाचशे धरला, तर त्याच पिशवीसाठी जवळजवळ तासभर उभं राहावं लागतं. केंद्राने 2019 मध्ये ठरवलेली 178 रुपये रोजाची किमान पातळी घेतली, तर पावणेतीन तासांच्या आसपास. आणि हा माणूस कमी राबतो म्हणायचं!

चान्सलर मेर्त्स स्वतःच जर्मनांना जास्त काम करा म्हणताहेत, हेही ऐकवलं जातं. म्हणताहेत खरं. तिथे वर्षाला माणशी सरासरी 1,340 च्या आसपास तास भरतात. अर्धवेळ काम करणाऱ्या बायका पुष्कळ, म्हणून सरासरी आणखी खाली. आपल्याकडे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या हिशेबाने आठवड्यालाच 47 च्या आसपास. ज्याचं पोट भरलंय त्याला डॉक्टर चालायला सांगतो. ती चिठ्ठी उपाशी माणसाच्या हातात कशाला? शिवाय मेर्त्सना हे म्हणताना समोर बोलणारं कुणी असतं. दोन हजारांवर कामगार असलेल्या कंपनीच्या पर्यवेक्षक मंडळात निम्म्या जागा कामगारांच्या, असा तिथे 1976 पासून कायदा आहे. मर्सिडीज आणि फोक्सवॅगन, दोघांचे कारखाने आपल्या चाकणला आहेत. गाडी आली, ती प्रथा काही आली नाही.

फेब्रुवारी 2024 मध्ये राज्य सरकारने बाडेन-वुर्टेमबर्गशी करार केला : दहा हजार कुशल तरुण तिकडे पाठवायचे. पोरांना त्यासाठी जर्मनही शिकवायचं ठरलं. म्हणजे तास कमी आणि दाम जास्त कुठे, हे सरकारला कळतं. फक्त ते निर्यातीपुरतं कळतं.

आता माझं जुनं तुणतुणं, वाचक ओळखतातच. कायद्याने ओव्हरटाइम दुप्पट दराने. चाकण-तळेगावच्या चहाच्या टपरीवर विचारा, ‘सिंगल ओटी’, म्हणजे एकेरी दराचा ओव्हरटाइम, हाच शब्द ऐकू येतो. बारा तासांच्या दिवसात वरचे तास कोणत्या दराने लागणार, यावर त्या व्यासपीठावरून कुणी चकार शब्द काढला नाही. माझ्या मते सगळी मेख तिथेच आहे. उद्या दुप्पट दर काटेकोर वसूल झाला, तर सत्तर तासांचं कौतुक महिनाभरात ओसरेल.

तेव्हा एक विनंती. ज्यांच्या पगाराच्या स्लिपवर ओटी दुप्पट लागत नाही, त्यांनी स्लिप पाठवावी. नाव-गाव, कंपनी काही छापणार नाही. पुढचा स्तंभ त्या आकड्यांवर.