जाँक्विल घेताय? आधी पात बघा



दसरा झाल्यापासून गावातल्या तीन तरण्या पोरांनी एकच विचारलं. "काका, मोबाइलवर जाँक्विलचे कंद दिसतात. अर्धा एकर लावू का?"

माझं मत सरळ आहे. एकरात लावू नका. कुंडीत हौस म्हणून लावायचे तर लावा, पण नेमकं काय घेताय ते आधी ओळखा.

पहिला घोळ नावाचा. हे सगळं नर्गिसचं घराणं, शास्त्रीय नाव नार्सिसस. सहा पाकळ्या आणि मधे वाटी. अमेरिकेच्या दक्षिण भागात लोक कुठल्याही पिवळ्या डॅफोडिलला जाँक्विल म्हणतात. ऑस्ट्रेलियात घोसानं फुलणाऱ्या नर्गिसला तेच नाव देतात. मग विकणाऱ्याचं तर विचारूच नका!

खरा जाँक्विल पातीवरून कळतो. पात बारीक, गडद हिरवी, जवळपास गोल, लव्हाळ्यासारखी. नावही लव्हाळ्याच्याच स्पॅनिश शब्दावरून आलंय. एका दांड्यावर एक ते पाच छोटी पिवळी फुलं, वाटी लहान, वास जबरदस्त.

टॅझेटा नर्गिसची पात चपटी, पट्टीसारखी आणि फुलांचा घोस मोठा. पांढराशुभ्र पेपरव्हाइट याच गटातला. मोठा डॅफोडिल म्हणजे साधारण एका दांड्यावर एकच फूल आणि मधे लांब भोंगा.

नुसता कंद बघून जात ठरत नाही. म्हणून बिलावर शास्त्रीय नाव लिहून मागा: नार्सिसस जाँक्विला की नार्सिसस टॅझेटा. लिहून देत नसंल तर सोडून द्या. आकाराचंही नीट समजून घ्या. १४ नंबर म्हणजे कंदाचा घेर १४ सेंमी, जाडी नव्हे. जाडी भरते साडेचार सेंमीच्या आसपास.

आता एकरात का नको ते सांगतो. ही झाडं मूळची भूमध्य समुद्राच्या बाजूची. तिकडं पाऊस हिवाळ्यात, उन्हाळा कोरडा. कंद उन्हाळ्यात झोपतो आणि पावसावर उठतो. आपलं घड्याळ बरोबर उलटं. कंद झोपलेला असतो तेव्हाच आपल्याकडं मृग लागतो. चार महिने ओल्या काळ्या रानात निजलेला कंद सडणार, यात नशिबाचा काही भाग नाही.

दुसरं, मोठ्या डॅफोडिलला दांडा काढायला ९ अंशांच्या आसपासची थंडी सलग १२ ते १६ आठवडे लागते. आपल्याकडं पहाटे दोन-चार तास गारठा पडतो आणि दुपारी ३० अंश. त्यात पातच येते. श्रीनगरच्या बागेतले फोटो बघून आपल्या रानाचा हिशोब मांडू नये.

पेपरव्हाइटला मात्र ही थंडी लागत नाही. हौस असंल तर तोच घ्या. नोव्हेंबरात, रात्री गार व्हायला लागल्या की, निचऱ्याच्या कुंडीत लावा. कंदाचं टोक मातीच्या वर ठेवा, कच्चं शेणखत घालू नका. साधारण चार ते सहा आठवड्यांत फुलं येतात. फूल गेलं म्हणून पात कापू नका, पुढचा कंद तीच पात भरते. पिवळी पडली की पाणी तोडा आणि मृगाच्या आत कंद काढून कोरड्या, हवेशीर जागी ठेवा. तरी पुढच्या वर्षी फुलंल याची खात्री धरू नका.

एक गोष्ट हसण्यावारी नेऊ नका. हा कंद दिसायला कांद्यासारखा, पण विषारी आहे. यात लायकोरिन असतं, खाल्लं की उलट्या होतात. कापल्यावर कांद्याचा वास आला नाही तर तो कांदा नव्हे. चाळीत, स्वयंपाकघरात ठेवू नका, शेळ्या-गुरांपुढं टाकू नका. चिकानं हाताला खाज सुटते, तेव्हा हातमोजे घाला. याच फुलझाडापासून वेल्समध्ये स्मृतिभ्रंशावरचं गॅलँटामाइन हे औषध काढतात, पण ती त्यांच्या थंडीतली शेती.

कंदाचंच फूल करायचं तर आपला निशिगंध काय वाईट आहे? तोही मूळचा बाहेरचाच, मेक्सिकोचा. पण त्याला ऊन आणि आपला पाऊस मानवला. एप्रिल-मे मध्ये लागण करा, नीट सांभाळला तर तीन वर्षं रान अडवून पैसे देतो. हारासाठी सिंगल, दांड्यासाठी डबल. बेंगळुरूच्या बागवानी संस्थेचा प्रज्वल आहे, बेणं ओळखीच्या रानातून डोळ्यांनी बघून घेता येतं. आणि तोडलेला माल कुठं न्यायचा हे आधीच माहीत असतं.

नवीन पीक करू नका असं माझं म्हणणं नाही. पण ते पीक कधी झोपतं आणि कधी उठतं, हे आपल्या पावसाशी लावून बघा. जुळत नसंल तर पैसे खिशात ठेवा.