वादाच्या आड गेलेली लेखिका

रशीद जहाँ हे नाव मराठी वाचकाच्या कानावर पडतं ते बहुधा दुसऱ्या कुणाच्या तरी चरित्रातून. इस्मत चुगताई यांची घडण सांगताना त्या येतात, कारण इस्मतआपांनी त्यांचं ऋण उघडपणे मानलं आहे. फैज़ अहमद फैज़ यांच्या अमृतसरच्या दिवसांत त्या येतात, कारण प्रेमभंगात बुडालेल्या त्या तरुण कवीला जगाच्या दुःखाकडे पाहायला सांगणाऱ्यांत त्या होत्या. प्रगतिशील लेखक संघाच्या इतिहासात त्या येतात आणि ‘अंगारे’ या जप्त झालेल्या पुस्तकाच्या हकिकतीतही येतात. या सगळ्या ठिकाणी त्यांच्याविषयी आदरच आहे. पण त्यांनी लिहिलं काय आणि कसं, हे विचारायला फारसं कुणी थांबत नाही. प्रेरणास्थान म्हणून त्यांना उंच जागी बसवून आपण त्यांच्या कथा न वाचताच पुढे गेलो, हा माझा आक्षेप आहे.

त्यांचा जन्म १९०५ सालचा, अलीगढचा. वडील शेख अब्दुल्ला यांनी १९०४ मध्ये ‘ख़ातून’ हे स्त्रियांच्या शिक्षणाची बाजू मांडणारं मासिक काढलं आणि १९०६ मध्ये मुलींची शाळा सुरू केली. आई वाहिद जहाँ बेगम या कामात बरोबरीनं होत्या. त्यांना सगळे ‘आला बी’ म्हणत. घरात पुस्तकं होती, येणाऱ्या-जाणाऱ्या विद्यार्थिनी होत्या. तिथून रशीद जहाँ लखनौच्या इझाबेला थोबर्न कॉलेजात गेल्या, मग दिल्लीच्या लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालयात. १९२९ मध्ये डॉक्टर होऊन त्या संयुक्त प्रांताच्या वैद्यकीय सेवेत दाखल झाल्या. पुढे लखनौत सज्जाद ज़हीर, अहमद अली आणि महमूदुज़्ज़फ़र यांची गाठ पडली. १९३२ च्या डिसेंबरात या चौघांचं ‘अंगारे’ प्रसिद्ध झालं. त्यात नऊ कथा आणि एक एकांकिका. रशीद जहाँ यांचा वाटा एक कथा आणि ती एकांकिका, एवढाच.

पुढचा गदारोळ बऱ्याच जणांना ठाऊक आहे. मशिदींतून निषेध झाला, वर्तमानपत्रांतून आग ओकली गेली, आणि १५ मार्च १९३३ रोजी सरकारनं धार्मिक भावना दुखावण्याच्या कलमाखाली पुस्तक जप्त केलं. चौघांतली एकटी बाई रशीद जहाँ, त्यामुळे राग सर्वांत जास्त त्यांच्यावर. नाक कापू, तोंडावर ॲसिड टाकू, अशा धमक्या आल्या. ‘अंगारेवाली’ हे नाव चिकटलं. त्या डगमगल्या नाहीत. चौघांपैकी कुणीच माफी मागितली नाही. एप्रिल १९३३ मध्ये अलाहाबादच्या ‘लीडर’मध्ये महमूदुज़्ज़फ़र यांनी तसं स्पष्ट लिहिलं.

आता त्या दोन रचना उघडून वाचा. धर्माची टवाळी शोधत गेलात तर हाती काही लागणार नाही. ‘दिल्ली की सैर’ ही जेमतेम तीन-चार पानांची कथा. मलका बेगम फरिदाबादहून नवऱ्याबरोबर आगगाडीनं दिल्लीला जाते. नवरा तिला बुरख्यात, सामानावर, फलाटावर बसवून मित्राबरोबर निघून जातो. ती तिथंच बसून राहते. गर्दी, उकाडा, टक लावून बघणारे पुरुष. बऱ्याच वेळानं नवरा जेवूनखाऊन परततो आणि तुला भूक असेल तर पुऱ्या आणू का, असं विचारतो. ती म्हणते, मला घरी न्या. झाली दिल्ली पाहून. हे सगळं मलका बेगम गावी परतल्यावर भोवती जमलेल्या बायकांना रंगवून सांगते आहे. लेखिका मध्ये कुठेही येत नाही, नवऱ्याला वाईट म्हणत नाही, बुरख्यावर भाष्य करत नाही. बाई बोलते आणि आपण ऐकतो. बोलण्यातून जे कळायचं ते कळतं.

‘पर्दे के पीछे’ ही एकांकिका त्याहून कठोर आहे. मुहम्मदी बेगम आणि आफ़ताब बेगम, खानदानी घरातल्या दोघी. मुहम्मदी बेगम वयानं तरुण, पण शरीर पार खचलेलं. एकामागून एक बाळंतपणं. मुलांना दाया ठेवलेल्या, त्याही आईला विसावा मिळावा म्हणून नव्हे, नवऱ्याला बायको हाताशी हवी म्हणून. नकार दिला तर तो दुसरं लग्न करील ही धास्ती. गर्भाशय खाली उतरलेलं, त्यावर शस्त्रक्रियाही करून घेतली, तीही नवऱ्याला सुख मिळावं म्हणून. मग पुन्हा दिवस गेले आणि सगळं पहिल्यासारखं. लेखिकेनं हे सगळं कुठून जमवलं असेल हा प्रश्नच पडत नाही. असं बोलणं फक्त लेडी डॉक्टरच्या कानावर पडतं. तपासणीच्या खोलीत बाईनं सांगितलेलं रशीद जहाँ यांनी उर्दू वाङ्मयात आणलं, आणि तेही त्या बाईच्याच तोंडच्या भाषेत, उसासे, शपथा, टोमणे यांच्यासकट. माझ्या मते त्यांचं मोठेपण इथं आहे. बंड करणारे लेखक त्या काळात इतरही होते. ऐकणारे फार थोडे होते.

मराठी वाचकाला ‘अंगारे’च्या या तारखा ओळखीच्या वाटतील. रघुनाथ धोंडो कर्वे जुलै १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ चालवत होते, वारंवार लादलेल्या गर्भारपणावर लिहीत होते आणि अश्लीलतेचे खटले अंगावर घेत होते. १९३४ मध्ये त्यांची बाजू डॉ. आंबेडकरांनी न्यायालयात मांडली. ‘अंगारे’ जप्त झालं त्याच वर्षी, १९३३ मध्ये, आपल्याकडे ‘कळ्यांचे निःश्वास’ आलं. विभावरी शिरूरकर हे नाव कुणाचं, याचा शोध घेण्यात मराठी समाजानं केवढी शक्ती खर्च केली! बाळूताई खरे, म्हणजे पुढच्या मालतीबाई बेडेकर, टोपणनावाच्या आड राहिल्या, कारण उघड्यावर येण्याची किंमत त्यांना ठाऊक होती. लखनौतली डॉक्टर स्वतःच्या नावानं उभी राहिली. मी दोघींत डावं-उजवं करत नाही. पण मुस्लिम बाई म्हटली की ती मागे आणि आपण पुढे, हे जे आपण मनात धरून असतो, ते १९३३ च्या या दोन पुस्तकांपुढे टिकत नाही.

१९३४ मध्ये त्यांनी महमूदुज़्ज़फ़र यांच्याशी लग्न केलं आणि अमृतसरला संसार थाटला. एप्रिल १९३६ मध्ये लखनौला प्रेमचंदांच्या अध्यक्षतेखाली प्रगतिशील लेखकांचं पहिलं अधिवेशन भरलं, त्याच्या जमवाजमवीत त्या पुढे होत्या. १९३७ मध्ये ‘औरत’ आणि इतर रचनांचा संग्रह निघाला. हयातीत त्यांचं स्वतःचं असं पुस्तक ते एवढंच. दवाखाना, कम्युनिस्ट पक्षाचं काम, सभा, नाटकं, यांतून उरलेल्या वेळात त्या लिहीत. त्याचा परिणाम लेखनावर दिसतो. काही कथा घाईच्या आहेत, काहींत मत आधी ठरलेलं आणि पात्रं नंतर आलेली जाणवतात. हे मान्य करायला हवं.

पण ‘वह’ वाचल्यावर हे सगळं मागे पडतं. रोगानं नाक झडलेली, चेहरा विद्रूप झालेली एक वेश्या इस्पितळात एका तरुण शिक्षिकेला भेटते. शिक्षिका तिच्याकडे पाहून हसते, माणसासारखं बोलते. तेवढ्यावर ती बाई रोज शाळेत येऊन तिच्यासमोर बसू लागते. शिक्षिकेला किळसही येते आणि तिला घालवून देणंही जमत नाही. सहकारी नाकं मुरडतात. शेवटी शाळेतली मोलकरीण त्या बाईला मारते. शिकलेल्या, सुधारलेल्या बाईची दया कुठवर पोचते आणि कुठं थांबते, हे इतक्या कमी शब्दांत, स्वतःच्याच वर्गाला न सोडता लिहिणारी कथा त्या काळात दुसरी मला माहीत नाही.

१९४९ मध्ये रेल्वे संपाच्या काळात त्यांना तुरुंगवास झाला. तिथं आजारी असतानाही त्यांनी उपोषण केलं. कर्करोगानं गाठलं होतं. उपचारांसाठी मॉस्कोला नेलं. तिथंच २९ जुलै १९५२ रोजी वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी त्या गेल्या. त्यांच्या कबरीवर कम्युनिस्ट, डॉक्टर, लेखिका अशी ओळख कोरली आहे. लेखिका शेवटी. आपणही त्यांना त्याच क्रमानं आठवत आलो.

माझी विनंती नाटकवाल्यांना आहे. एकांकिका स्पर्धांसाठी दरवर्षी संहितांचा शोध चालतो. ‘पर्दे के पीछे’ घ्या. एक खोली, मुख्य पात्रं दोन, खर्च जवळजवळ काही नाही. बाईच्या शरीरावर हक्क कुणाचा, हा तिच्यातला प्रश्न आपल्या कुठल्याही गावात, कुठल्याही धर्माच्या घरात आजही जिवंत आहे. मराठीत आणताना एकच सांभाळा: मुहम्मदी बेगमच्या तोंडी पुस्तकी मराठी घालू नका. कोकणातल्या किंवा मराठवाड्यातल्या मुस्लिम घरात बायका आपसांत जशा बोलतात, तशीच तिला बोलू द्या.