तकाकी किती असावी?

दिवाळी तोंडावर आली की घराघरांत एक लहर येते. कुणाला भिंती रंगवाव्याशा वाटतात, कुणाला पडदे बदलावेसे वाटतात. मागच्या वर्षी मला आमच्या मामंजींचे टेबल चकचकीत करावेसे वाटले.

टेबल सागवानी, मामंजींच्या मास्तरकीच्या पहिल्या वर्षात घेतलेले. त्यावर शाईचे डाग, चहाच्या कपांची पांढरी वळी, आणि हात टेकून टेकून कडेचे पॉलिश उडालेले. "पाहुणे आले तर काय म्हणतील?" असे म्हणून मी पदर खोचला.

कोपऱ्यावरच्या मिस्त्रींना विचारून सामान आणले. लिटरभर स्पिरिटात 200 ग्रॅम चपडी लाख रात्रभर भिजत घातली, सकाळी फडक्यातून गाळली. ही लाख म्हणजे झारखंडाकडे कुसुम, पळस, बोर अशा झाडांच्या डहाळ्यांवर इवल्या किड्यांनी केलेले कवच! टेबल पॉलिशपेपरने लाकडाच्या रेषांच्या दिशेने घासले, पुसले. कापसाचा बोळा जुन्या धोतराच्या कापडात बांधला आणि हात द्यायला सुरुवात केली. खिडक्या उघड्या, देवापुढची समई दूर; स्पिरिट चटकन पेट घेते, हे विसरू नये.

पहिल्याच दिवशी फजिती झाली. परतीचा पाऊस भुरभुरत होता. दोन हात दिले आणि टेबलावर दुधाची साय धरावी तसा पांढुरका थर आला. मिस्त्री हसले. "ताई, स्पिरिट उडताना लाकूड गार पडतं, अन् हवेतली ओल तिथंच बसते. उन्हाची वाट बघा."

दोन दिवसांनी लख्ख ऊन पडले. स्पिरिटाने जेमतेम ओलावलेला बोळा हलकेच फिरवताच साय गेली. मग मी थांबलेच नाही. आठ हात, दहा हात! शेवटी टेबलात पंख्याची पाती दिसू लागली. आमच्या घरच्यांनी तर त्यात बघून भांग पाडला.

मामंजी "छान" म्हणाले. पण दरवर्षी दिवाळीला जुन्या विद्यार्थ्यांना जी पत्रे ते टेबलाशी बसून लिहीत, ती आता आरामखुर्चीत, मांडीवर पुठ्ठा घेऊन लिहू लागले. दोन दिवस मी मनातल्या मनात धुसफुसले. तिसऱ्या दिवशी विचारलेच.

"रागावू नकोस हं सूनबाई," ते म्हणाले, "दिव्याचा उजेड टेबलावरून उसळतो नि थेट डोळ्यांत येतो. या डोळ्यांना मग अक्षरच दिसत नाही."

मी पुन्हा मिस्त्रींकडे गेले. ते म्हणाले, "पॉलिश काढू नका, नुसती चमक मोडा." गोष्ट सोपी आहे. अगदी गुळगुळीत पृष्ठभाग आरशासारखा सगळा उजेड एकाच बाजूला फेकतो. त्यावर केसाहून बारीक ओरखडे असले की तोच उजेड विखुरतो. आठवडाभर टेबल वाळू दिले. मग चार शून्यांची, सर्वांत बारीक स्टीलवूल आणली. भांड्यांची तारेची घासणी नव्हे बरं का! टर्पेंटाइनमध्ये मऊ केलेले मधमाश्यांचे मेण तिला लावून, रेषांच्या दिशेनेच, अगदी हलक्या हाताने फिरवली आणि मऊ फडक्याने पुसून घेतले. आधी खणाच्या आतल्या बाजूवर करून पाहिले, हे सांगायला नकोच.

पंख्याची पाती नाहीशी झाली. सागाच्या रेषा मात्र उठून दिसू लागल्या. दिवाणखान्यातले दर्शनी कपाट खुशाल झगमगू द्यावे. लिहायच्या टेबलाची तकाकी मात्र लिहिणाराच्या डोळ्यांनी ठरवावी, पाहुण्यांच्या नव्हे.

त्या संध्याकाळी मामंजींनी खुर्ची पुढे ओढली, राहिलेली पत्रे घेतली आणि गरम चहाचा कप थेट टेबलावर ठेवला. लाखेच्या पॉलिशला ऊन कप सोसत नाही. पांढरे वळे उमटलेच.

ते अजून आहे. मी पुसलेले नाही.