वजन उतरलं, नजरेचं काय?

तुमच्या आजीला एकदा विचारा, रातांधळं म्हणजे काय? आजी माण-खटावची किंवा जत-आटपाडीकडची असेल तर तिला फार आठवावं लागणार नाही. पाऊस नाही, हिरवी भाजी नाही, दूधदुभतं नाही, अशी वर्षं तिकडच्या माणसांनी काढलीत. पोरगं दिवसभर हुंदडायचं आणि दिवेलागणीला उंबऱ्यावर अडखळायचं. ‘अ’ जीवनसत्त्व कमी पडलं की असं होतं. म्हणूनच १९७० मध्ये सरकारनं लहान मुलांना या जीवनसत्त्वाचा डोस पाजायचा कार्यक्रम देशभर सुरू केला. अंगणवाडीत तुम्हालाही तो चमच्यानं पाजला असणार, आता आठवत नसेल इतकंच.

तेच रातांधळं आता वेगळ्या वाटेनं येऊ शकतं. भरल्या फ्रीजच्या घरात, पंचविशी-तिशीच्या माणसाला. वजन कमी करायची शस्त्रक्रिया, म्हणजे बॅरिॲट्रिक सर्जरी झाल्यानंतर.

आधीच सांगतो, मी या शस्त्रक्रियेच्या विरोधात नाही. ‘जरा चालायला लाग, तोंडावर ताबा ठेव’ असं म्हणणाऱ्यांनी शंभर किलोचं शरीर घेऊन सज्जनगडाच्या पायऱ्या चढून बघाव्यात. लठ्ठपणा हा आजार आहे आणि ज्याला गरज आहे त्याचं आयुष्य ही शस्त्रक्रिया बदलते. मधुमेह आटोक्यात येतो, गुडघे वाचतात. काही जणींची तर नजरच वाचते. तरुण, लठ्ठ मुलींमध्ये कधी कधी डोक्यातला दाब वाढतो. सतत डोकं दुखतं, वाकलं की क्षणभर डोळ्यांपुढे अंधारी येते आणि डोळ्याच्या मागची नस सुजते. दुर्लक्ष केलं तर नजर कायमची जाऊ शकते. ब्रिटनमध्ये अशा ६६ महिलांवर झालेला अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. नुसत्या डाएटच्या कार्यक्रमापेक्षा शस्त्रक्रिया केलेल्या महिलांच्या डोक्यातला दाब जास्त उतरला होता.

माझी तक्रार आहे ती लपवालपवीबद्दल. आणि तिची किंमत डोळे मोजतात.

शस्त्रक्रियेत काय होतं ते थोडक्यात बघू. ‘स्लीव्ह’मध्ये जठराचा जवळपास तीन चतुर्थांश भाग कापून काढतात. ‘बायपास’मध्ये जठराची छोटी पिशवी करतात आणि ती थेट पुढच्या आतड्याला जोडतात, मधला तुकडा वगळून. माणूस कमी खातो आणि बायपासमध्ये खाल्लेलंही पूर्ण अंगी लागत नाही. वजन उतरतं ते यामुळेच, आणि जीवनसत्त्वं कमी पडतात तीही यामुळेच. म्हणून गोळ्या जन्मभर घ्यायच्या असतात. पहिलं वर्ष लोक नीट घेतात. दुसऱ्या वर्षी जीन्सची साइज बदललेली असते, सगळे कौतुक करत असतात आणि गोळ्यांची डबी कपाटात मागे सरकलेली असते.

‘अ’ जीवनसत्त्वाचा साठा यकृतात असतो, तो हळूहळू संपतो. त्यामुळे त्रास लगेच दिसत नाही, काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनी दिसतो. रातांधळं झालेला माणूस ‘मला रात्री दिसत नाही’ असं म्हणतही नाही. तो म्हणतो, समोरच्या गाडीचे लाइट फार डोळ्यांवर येतात. किंवा रात्रीची गाडी चालवणंच टाळायला लागतो. आता तुम्ही विचार करा, गळीत हंगाम सुरू आहे, तुम्ही बाइकवरून कराडहून तासगावकडे निघालाय आणि पुढे उसानं खच्चून भरलेली ट्रॉली आहे. तिला मागे ना लाल दिवा, ना रिफ्लेक्टर. धडधाकट डोळ्यांनाही ती शेवटच्या क्षणी दिसते!

पण रातांधळं उशिरा येतं, औषधानं बहुतेक वेळा सुधारतंही. मला जास्त भीती वाटते ती शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या तीन महिन्यांची.

१८८१ मध्ये कार्ल वेर्निके नावाच्या जर्मन डॉक्टरनं तीन रुग्णांची हकिगत लिहिली. दोघे दारू पिणारे पुरुष होते. तिसरी होती वीस वर्षांची, शिवणकाम करणारी मुलगी. तिच्या पोटात सल्फ्युरिक ॲसिड गेलं होतं, त्यामुळे जठराचं पुढचं तोंड आवळलं आणि उलट्या थांबेनात. काही आठवड्यांनी तिच्या डोळ्यांच्या हालचाली बिघडल्या, तोल जायला लागला, भान हरपलं. ती वाचली नाही. कारण कळायला पुढे बरीच वर्षं गेली. ‘बी-१’, म्हणजे थायमिन संपलं होतं. शरीरात त्याचा साठा जेमतेम दोन-तीन आठवड्यांचा असतो.

वजनाच्या शस्त्रक्रियेनंतर कुणाला सतत उलट्या होत असतील तर त्या मुलीसारखीच वेळ येऊ शकते. एकाचे दोन दिसतात. बुबुळं आपोआप थरथरतात. चालताना झोक जातो. घरच्यांना वाटतं, पोटात काही नाही म्हणून अशक्तपणा आलाय. आणि अशक्तपणावर आपल्याकडे ठरलेला उपाय आहे, एक सलाईन लावून घे.

इथे सातारा-सांगलीच्या माणसानं जास्त सावध राहायला हवं. शस्त्रक्रिया पुण्या-मुंबईत झालेली असते, रुग्ण गावी परतलेला असतो. सर्जनचा फोन लागत नाही, किंवा एवढ्याशा उलटीसाठी परत खंबाटकी कोण ओलांडणार? मग कोपऱ्यावरचा दवाखाना. त्या बाटलीत अनेकदा ग्लुकोज असतं. ग्लुकोज वापरायला शरीराला ‘बी-१’ लागतं, म्हणजे उरलंसुरलंही त्यात खर्च होतं आणि माणूस तासाभरापूर्वी होता त्यापेक्षा बिघडू शकतो. आधी, निदान ग्लुकोजबरोबर तरी, ‘बी-१’चं इंजेक्शन द्यायला हवं. ते स्वस्त आहे आणि वेळेत मिळालं तर डोळ्यांच्या हालचाली लवकर, कधी काही तासांतच, सुधारायला लागतात. उशीर झाला तर स्मरणशक्ती कायमची अधू होऊ शकते. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांना दोष देऊन काय उपयोग? त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं की या पेशंटचं जठर कापलंय.

का सांगितलेलं नसतं, हे तुम्हाला माहीत आहे. स्थळं बघणं सुरू असतं. ‘मुलगी छान आहे, पण अंगानं जरा...’ हे वाक्य ऐकून ऐकून एक दिवस घरात निर्णय होतो. मग पाहुण्यांत सांगायचं की मुलगी ट्रेनिंगला गेलीय, किंवा गॉलब्लॅडरचं ऑपरेशन झालंय. नितीन गडकरींनी २०११ मध्ये मुंबईत ही शस्त्रक्रिया करून घेतली तेव्हा पेपरांत बातम्या आल्या. त्यानं त्यांचं काही अडलं नाही. तीच गोष्ट विट्याच्या किंवा वाईच्या मुलीनं केली तर मात्र ती ‘झाकली मूठ’. लग्नानंतर सासरी गोळ्या घेताना कुणी बघू नये म्हणून गोळ्याच बंद करायच्या, हा याचा पुढचा टप्पा. आणि तेवढ्यात बाळाची घाई. शस्त्रक्रियेनंतर साधारण बारा ते अठरा महिने गर्भधारणा टाळा, असं डॉक्टर बजावतात, कारण त्या काळात आईच्याच शरीराची ओढाताण सुरू असते. आईला ‘अ’ जीवनसत्त्व फार कमी पडलं तर बाळाच्या डोळ्यांची वाढ बिघडू शकते. बरं, घाबरून स्वतःच्या मनानं जास्त गोळ्या खाव्यात तर तेही गर्भाला घातक. म्हणून रक्त तपासून, डॉक्टरांना सांगून. लपवून हे जमणार कसं?

खरं तर लग्न ठरवायचंय म्हणून ही शस्त्रक्रिया करायचीच नसते. विमा नियामकाचे नियमही बॉडी मास इंडेक्स ४० च्या पुढे, किंवा ३५ च्या पुढे आणि सोबत गंभीर आजार असेल, तरच तिचा खर्च धरतात. ५ फूट ३ इंच उंचीच्या व्यक्तीसाठी ३५ म्हणजे जवळपास ९० किलो. लेहेंगा बसत नाही, हे काही त्या यादीत नाही.

चष्म्याचंही तसंच. मधुमेह असलेल्यांची साखर शस्त्रक्रियेनंतर झपाट्यानं उतरते, तेव्हा डोळ्यातल्या भिंगातलं पाण्याचं प्रमाण बदलतं आणि नंबर हलतो. लोक लगेच नवा चष्मा करतात, दोन महिन्यांनी तोही चालत नाही. साखर स्थिरावेपर्यंत थांबा, पैसे वाचतील. ‘वजन गेलं, आता चष्माही घालवू’ म्हणून लेसर करायला धावणाऱ्यांनी तर नंबर स्थिर झाल्याशिवाय टेबलावर चढूच नये. आणि मधुमेह जुना असेल तर शस्त्रक्रियेच्या आधीच डोळ्याचा पडदा तपासून घ्या. साखर फार वेगानं उतरली तर आधीच खराब असलेला पडदा काही काळ आणखी बिघडू शकतो. शस्त्रक्रियेनंतरही तो तपासत राहावं लागतं. हे कुणाच्या पॅकेजमध्ये लिहिलेलं असतं का, विचारून बघा.

‘बी-१२’ राहिलंच. ते कमी पडलं की डोळ्याची नस हळूहळू अधू होते. मधोमध धुरकट दिसतं, लाल रंग फिका वाटतो. दुखत काहीच नाही, म्हणून माणूस मोबाइलचा ब्राइटनेस वाढवत बसतो.

यातल्या बहुतेक गोष्टींना वेळेत उपाय आहे आणि तो फार लांबही नाही. वॉनलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत दवाखाना उभारला तेव्हापासून लोक लांबून लांबून तिथे उपचारांना येतात. आज मिरजेला सरकारी मेडिकल कॉलेज आहे, साताऱ्यालाही आहे, कराडला कृष्णा आहे. डोळ्यांच्या ओपीडीत जा. रात्री अडखळायला होत असेल तर या आठवड्यात जा. एकाचे दोन दिसत असतील आणि उलट्या होत असतील तर मात्र ओपीडीची वाट बघू नका, त्याच दिवशी थेट अपघात विभाग गाठा, रात्र असली तरी. सोबत डिस्चार्ज कार्डाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. केसपेपर लिहिणारे विचारतात, ‘आधी काही ऑपरेशन?’ मागे मावशी उभी असेल, शेजारच्या गावचं कुणी ओळखीचं बाकावर बसलेलं असेल. तरी सांगा. मोठ्यानं सांगायला नको वाटलं तर तो फोटो पुढे करा.