तुकडा तपासल्याशिवाय कॅन्सरचा शिक्का मान्य नाही

कोयनानगरच्या वरच्या अंगाला असलेल्या एका वाडीतली २२ वर्षांची मुलगी. चार महिन्यांत वजन उतरलं, संध्याकाळी कणकण, पोट फुगलेलं. आधी अंगारा झाला, मग खासगी दवाखान्यात सोनोग्राफी. पोटात पाणी, अंडाशयाजवळ गाठ, रक्तात सीए-१२५ वाढलेला. "कॅन्सरच आहे, पैशाची सोय बघा." बापाने म्हैस विकायला काढली.

पण सीए-१२५ पोटाच्या टीबीतही वाढतो! सीटी स्कॅनवर दोन्ही आजार सारखे दिसू शकतात. खोकला नाही, छातीचा एक्स-रे स्वच्छ, म्हणून टीबी नाही असं म्हणता येत नाही. पोटातलं पाणी काढून एडीए आणि सीबीनॅट करावं लागतं. त्यातही सीबीनॅट निगेटिव्ह आला तरी टीबी नाही असं ठरत नाही, कारण त्या पाण्यात जंतू फार थोडे असतात. शेवटी दुर्बिणीतून तुकडा घेऊन बायोप्सी. तिच्या तुकड्यात टीबी निघाला. सहा महिने गोळ्या, त्याही सरकारी, फुकट. उलटही घडतं. कॅन्सरला टीबी समजून गोळ्या देत राहिलं तर रोग हाताबाहेर जातो. म्हणून अंदाजावर कोणताच शिक्का नको.

एका डॉक्टरला झोडपून भागणार नाही. कोयनेच्या विजेवर महाराष्ट्र उजळला, आणि धरणाच्या काठावरच्या पोरीला एका तुकड्यासाठी कराड गाठावं लागलं. फाईल इंग्रजीत, "यांना काय समजावायचं" हा भाव चेहऱ्यावर. आडनाव विचारल्यावर हा भाव कुठून येतो ते आपल्याला ठाऊक आहे. संविधानाचं कलम ४७ पोषण आणि सार्वजनिक आरोग्य हे राज्याचं कर्तव्य सांगतं. निक्षय पोषण योजनेत २०१८ पासून महिना ५०० रुपये होते, नोव्हेंबर २०२४ पासून १००० झाले. हजारात महिनाभर अंडी-डाळ खाऊन दाखवा!

आता आपलंही. १४ एप्रिलच्या डीजेची वर्गणी एका संध्याकाळी जमते. या मुलीसोबत कराडला जायला माणूस शोधताना मला दोन दिवस लागले. कॅन्सर म्हटल्यावर रडायला आलेले नातलग टीबी म्हटल्यावर तिच्या हातचा चहा टाळू लागले. पोटाचा टीबी सहसा चहातून, शेजारी बसण्यातून पसरत नाही, हे बुद्धविहारात रविवारी कोण सांगणार?

पाटण तालुक्यातल्या प्रत्येक शाखेने दोन नावं कळवावीत, एक मुलगा, एक मुलगी. काम एवढंच: रुग्णासोबत जायचं, फाईल वाचायची आणि विचारायचं, "डॉक्टर, बायोप्सी झाली का?"

जय भीम.