पेटीवर हापूस, आत काय?

बारावीचा निकाल लागला की हल्ली पूर्णगडात नातेवाइकांच्या आधी कॉलेजवाल्यांचे फोन येतात. शेजारच्या घरात आलेला असा एक फोन मी स्पीकरवर ऐकला. पलीकडून आधी सलाम. मग मुलीचं नाव, तिचे टक्के, अब्बा आखातात असतात ही माहिती आणि वसतिगृहात नमाजासाठी वेगळी खोली असल्याची खात्री. फी किती, असं विचारल्यावर उत्तर आलं, "आधी पाच हजार भरून सीट धरा, सवलत आजच्यापुरतीच आहे." शेजारीण खूश. आपल्यातलीच कोणी मुलगी असेल, म्हणाली. ती मुलगी होती की यंत्र, हेसुद्धा मला ओळखता आलं नाही.

या धंद्यात आपल्या मुलांना 'लीड' म्हणतात. मोफत सराव परीक्षा, करिअर मेळावा, शिष्यवृत्तीची चाचणी अशा कुठल्यातरी फॉर्मवर आपण नंबर लिहितो आणि तो फिरत राहतो. मेसेज कोणी उघडला, फीचं पान कितीदा पाहिलं, यावरून सॉफ्टवेअर प्रत्येकाला गुण देतं आणि कोणाला आधी फोन करायचा ते ठरतं. नाव मुसलमानी असेल तर सलामानं सुरुवात करायची, हेही त्यातच बसतं. आपल्याला विद्यार्थी म्हणून दाखवायला कचरणारे गिऱ्हाईक म्हणून मात्र अचूक ओळखतात!

उच्च शिक्षणात एआय कधी येणार, यावर परिसंवाद चालू आहेत. ते आलंय की. प्रवेशाच्या अलीकडे आलंय. प्रवेशाच्या पलीकडे काय आहे? एआयसीटीईनं २०२५ हे कृत्रिम बुद्धिमत्तेचं वर्ष म्हणून जाहीर केलं आणि माहितीपत्रकांवर ती दोन अक्षरं ठळक झाली. पण शिकवणार कोण? तासिका तत्त्वावरचा मास्तर. तो एका कॉलेजातून दुसऱ्या कॉलेजात धावतो, तासाप्रमाणे पैसे घेतो, तेही वेळेवर मिळाले तर. फीचं पान मुलीनं कितीदा उघडलं हे ज्यांना मे महिन्यात ठाऊक असतं, त्यांना ती पंधरा दिवस वर्गात आलेली नाही हे नोव्हेंबरात ठाऊक नसतं. तिथे कोणी सॉफ्टवेअर लावत नाही, कारण फी भरून झालेली असते.

आपण आंब्याच्या मुलखातली माणसं. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांतल्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. कर्नाटकातला आंबा रत्नागिरीच्या पेटीत भरून विकला की आपल्या बागायतदारांच्या तळपायाची आग मस्तकात जाते, आणि ते बरोबरच आहे. मग जुन्याच अभ्यासक्रमावर 'एआय'चं लेबल चिकटवून लाखांनी फी घेतली जाते तेव्हा आपण गप्प का? धान्याच्या ढिगात हात घातल्यावर आतून ओलं धान्य निघाल्याची हदीस आपण लहानपणी ऐकलेली आहे. ओलं असेल ते वर ठेवा, घेणाऱ्याला दिसू द्या, एवढंच तिथे सांगितलं होतं. इथे तर ढिगाचा फोटोसुद्धा यंत्रानं काढलेला. हिजाबातली हसरी मुलगी, मागे काचेची प्रयोगशाळा. ती मुलगीही नाही आणि प्रयोगशाळाही.

याच यंत्राकडून विद्यार्थ्यानं प्रकल्प लिहून घेतला की मात्र तो गुन्हा. घेऊ नये, हे मलाही मान्य आहे. पण गुन्हा शोधणार कसा? चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयनं मजकूर ओळखण्याचं स्वतःचं साधन अचूकता कमी म्हणून जुलै २०२३ मध्ये मागे घेतलं. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी दाखवलं की इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी स्वतः लिहिलेले निबंधही अशी साधनं यंत्राचे ठरवतात, निम्म्याहून जास्त वेळा. आता आपल्या उर्दू आणि मराठी माध्यमातून गेलेल्या मुलांचा विचार करा. साधी, पाठ केलेली, जपून मांडलेली इंग्रजी वाक्यं. पहिला संशय त्यांच्यावरच. आणि माहितीपत्रकातला प्राचार्यांचा संदेश कोणी लिहिला, हे विचारायची सोय नाही.

यंत्र वाईट आहे असं मी म्हणत नाही. घरात पहिल्यांदाच कॉलेजात गेलेली मुलगी रात्री अकरा वाजता तोच प्रश्न दहा वेळा विचारू शकते, कोणी हसत नाही. अशी मदत कॉलेजनं द्यावी, ती नीट वापरायला शिकवावी. जाहिरातही करावी, पण खरी. यूजीसीनं २०२४ मध्ये 'दहा दिवसांत एमबीए' असल्या जाहिरातींपासून सावध केलं. त्याच वर्षी नोव्हेंबरात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं कोचिंगवाल्यांसाठी नियम काढले: शंभर टक्के नोकरीची हमी नको, यशस्वी विद्यार्थ्याचा फोटो त्याच्या लेखी संमतीशिवाय नको, त्यानं कुठला कोर्स केला तेही सांगा. पदव्या विकणाऱ्यांनाही हीच फूटपट्टी लावा, आणि जोडीला एक कलम घाला: फोनवर यंत्र बोलत असेल तर ते त्यानं पहिल्या वाक्यात सांगितलं पाहिजे.

ते होईल तेव्हा होईल. तोवर फोन आला तर सलामाला सलाम करा आणि विचारा: या शाखेत पूर्णवेळ शिक्षक किती, त्यांची नावं काय? मागच्या वर्षी पहिल्या प्रयत्नात किती पास झाले? नोकरी लागलेल्यांपैकी तिघांचे नंबर, त्यांना विचारून, द्याल का? प्रवेश रद्द केला तर पैसे कधी परत? उत्तरं फोनवर घेऊ नका, कॉलेजच्या शिक्क्यासह कागदावर मागा. कागद हातात येईपर्यंत पाच हजार घरातच राहू द्या.