फुकटच्या पेल्यालाही परवाना लागतो

शहापूर-मुरबाडकडच्या फार्महाऊसवरील पार्टीचे एक आमंत्रण मध्यंतरी माझ्या मोबाइलवर आले. वाइन आणि व्हिस्कीची चव घ्या, पहिला पेला मोफत, असा मजकूर होता. ते मी काही तरुण मित्रांना दाखवले. एक म्हणाला, "आपण पीतच नाही, मग आपल्याला काय?" दुसरा म्हणाला, "हराम आहे, विषय संपला." मला वाटते, विषय इथे संपत नाही, इथे तो सुरू होतो.

आधी कायदा पाहू. महाराष्ट्रात आजही 1949 चा दारूबंदी अधिनियम लागू आहे. दारू विकणेच नव्हे, तर परवान्याशिवाय ती बाळगणे, वाहून नेणे आणि पिणे हाही या कायद्याने गुन्हा आहे. म्हणून 'आम्ही विकत नाही, फक्त चाखायला देतो' ही सबब टिकत नाही. कार्यक्रमात दारू द्यायची तर राज्य उत्पादन शुल्क विभागाकडून त्या दिवसापुरता परवाना घ्यावा लागतो. पिणाऱ्याकडेही स्वतःचा परवाना हवा. वाइन आणि सौम्य बिअरसाठी वयाची अट 21 वर्षे, तर व्हिस्की-रमसारख्या कडक दारूसाठी 25 वर्षे. मोफत पेल्याला यातून सूट नाही.

जाहिरातीचे काय? कलम 24 दारू देऊ करणाऱ्या किंवा तिच्यासाठी गिऱ्हाईक ओढणाऱ्या जाहिरातीला मनाई करते. 1951 साली बालसरा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने या कायद्याचा बराचसा भाग वैध ठरवला. मात्र दारूची नुसती वाखाणणी करण्यावरची बंदी अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या विरोधात म्हणून रद्द केली. हा फरक मला महत्त्वाचा वाटतो. दारू चांगली असे कुणी म्हटले, तर त्याचे तोंड बंद करण्याचा अधिकार आपल्याला नाही. पण 'या, पहिला पेला मोफत' असा निरोप गावभर फिरवणे हे मत नव्हे, धंदा आहे. त्याला जाब विचारता येतो.

जाब कुणी विचारायचा? शहापूर तालुका अनुसूचित क्षेत्रात येतो, मुरबाडमधली काही गावेही येतात. 1996 च्या पेसा कायद्याने तिथल्या ग्रामसभेला मादक पदार्थांच्या विक्रीवर आणि सेवनावर नियंत्रण ठेवण्याचा अधिकार मान्य केला आहे. शिवाय गावातले दारूचे दुकान 'उभी बाटली, आडवी बाटली' या मतदानाने बंद करण्याची तरतूद महाराष्ट्रात आहेच. ग्रामसभेत आपली कातकरी, ठाकर, कुणबी शेजारीण बसते. दारूने तिचे घर कसे मोडते हे तिला आपल्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. तिच्यापुढे 'हराम' हा शब्द घेऊन गेलो, तर आपण आपल्या धर्माचे बोलतो आहोत असे तिला वाटेल. कायदा आणि मजुरीचा हिशेब घेऊन गेलो, तर आपण तिच्या बाजूने बोलू. हराम हा आपला स्वतःपुरता निर्णय आहे. गावाचा निर्णय सगळ्यांनी मिळून घ्यायचा असतो.

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. पाड्यावरच्या मोहाच्या भट्टीवर धाड पडते, मडकी फुटतात, एखादी बाई कोर्टाच्या खेपा घालते. फार्महाऊसवर तेच काम पातळ काचेच्या पेल्यातून झाले की त्याला 'पर्यटन' म्हणतात. मी हातभट्टीची वकिली करत नाही. तिने माणसे मेली आहेत. पण कायदा एकच असेल, तर तपासणीही दोन्हीकडे झाली पाहिजे.

अशा पार्ट्यांत आपली मुलेही असतात. कुणी गाडी चालवतो, कुणी मंडप बांधतो, कुणी बिर्याणीचे देग उतरवतो. पोटासाठी गेलेल्या मुलाला मशिदीच्या पायरीवर टोमणे मारणाऱ्यांत मी नाही. त्याला एवढेच सांगेन: काम घेण्याआधी मालकाकडे त्या दिवसाचा परवाना माग. धाड पडली तर आमंत्रण छापणारा निसटतो आणि ट्रे धरलेला हात सापडतो.

पुढच्या ग्रामसभेला जा. आईला आणि बहिणीलाही सोबत न्या. गावाच्या हद्दीतल्या अशा कार्यक्रमांना परवाने कुणी दिले आणि ग्रामसभेला विचारले का, एवढे दोनच प्रश्न लेखी द्या आणि पोच घ्या.